जुना लॅपटॉप विकण्याआधी कंपनीने आपलं नाव काढून द्यावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑफिसचा जुना लॅपटॉप फॉरमॅट मारला की कोरा होतो, असं आपल्याकडे विकणारे पण धरून चालतात आणि घेणारे पण. तसं होत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे गरजू पोरांचे पैसे बुडतायत म्हणून हे पत्र लिहितोय. जमलं तर अख्खं छापा, जरा लांबलंय पण यातला तांत्रिक भाग कापला तर वाचणाऱ्याच्या हाताला काही लागणार नाही.

माझं कोल्हापुरात लॅपटॉप रिपेअरिंगचं काम आहे. बारावीचा निकाल लागला, डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की आमच्याकडे सेकंडहँड लॅपटॉपची विचारणा वाढते. नवीन घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजार, तेवढे सगळ्यांकडे नसतात. मग पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांतून निघालेला माल बघितला जातो, थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक असली मॉडेल्स. मशीन म्हणून ही फार चांगली असतात, बॉडी दणकट, कीबोर्ड उत्तम, रॅम आणि एसएसडी बदलता येते, माझ्या मते त्याच पैशात येणाऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कधीही बरी. अडचण मशीनची नाहीच. अडचण ही आहे की कागदावर ते मशीन विकलं गेलेलं असतं पण सर्व्हरवर अजून जुन्या कंपनीचंच असतं.

हे कसं ते सांगतो. मायक्रोसॉफ्टची विंडोज ऑटोपायलट नावाची सोय आहे. कंपनी नवीन लॅपटॉप घेते तेव्हा त्याच्या हार्डवेअरची एक ओळख, ज्याला हार्डवेअर हॅश म्हणतात, ती मायक्रोसॉफ्टकडे कंपनीच्या नावावर नोंदवली जाते. फायदा असा की लॅपटॉप थेट कर्मचाऱ्याच्या घरी कुरिअर करता येतो, त्याने चालू करून वायफाय लावलं की मशीन स्वतःच विचारतं की मी कोणाचं, आणि उत्तर आलं की कंपनीची लॉगिन स्क्रीन समोर येते, आत गेलं की कंपनीचे सगळे नियम, बंधनं, सॉफ्टवेअर आपोआप बसतात. वर्क फ्रॉम होमच्या काळात याचा खूप उपयोग झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसते, ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे तुम्ही डिस्क पुसा, नवीन एसएसडी टाका, पेनड्राइव्हवरून विंडोज पहिल्यापासून इन्स्टॉल करा, सेटअपमध्ये इंटरनेट लागलं की परत तीच स्क्रीन, अमुक कंपनीत आपलं स्वागत आहे, कंपनीचा ईमेल टाका. आणि विंडोज ११ चं नेहमीचं सेटअप तर इंटरनेटशिवाय पुढेच सरकत नाही, म्हणजे ही गाठ पडतेच.

ॲपलच्या मॅकबुकचं याहून कडक आहे. तिथे सिरियल नंबर ॲपल बिझनेस मॅनेजर नावाच्या ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या पोर्टलवर कंपनीच्या नावावर असतो आणि सेटअप करताना रिमोट मॅनेजमेंटची, म्हणजे हे मशीन अमुक कंपनी लांबून सांभाळते असं सांगणारी, स्क्रीन येते. ती कशीतरी ओलांडून पुढे गेलं तरी मॅकओएस सोनोमापासून पुढच्या व्हर्जनमध्ये नंतर पूर्ण स्क्रीनभर नोंदणी करा म्हणून येतं. गुगलचं क्रोमबुक कितीही पॉवरवॉश केलं, म्हणजे पुसून कोरं केलं, तरी कंपनीच्या किंवा शाळेच्या ॲडमिनने ते डीप्रोव्हिजन करेपर्यंत, म्हणजे आपल्या यादीतून सोडेपर्यंत, पुन्हा त्यांच्याकडेच नोंद व्हायला जातं.

आणि हे झालं ऑनलाइन नोंदीचं. खाली मशीनमध्येच बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनमधल्या मूळ प्रोग्रॅमचा, पासवर्ड असतो तो वेगळा. बऱ्याच कंपन्या बायोसला सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड लावून ठेवतात आणि यूएसबीवरून बूट बंद करतात, कर्मचाऱ्याने पेनड्राइव्ह लावून डेटा पळवू नये म्हणून, ते बरोबरच आहे. पण विकताना पासवर्ड तसाच राहतो. मग विंडोज टाकायला पेनड्राइव्ह लावला की मशीन त्यावरून बूटच होत नाही, आणि बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदलावं म्हटलं तर पासवर्ड. पूर्वीच्या काळी मदरबोर्डवरचा सेल काढून ठेवला की पासवर्ड जायचा, लोक अजून तेच सांगतात, पण बिझनेस लॅपटॉपमध्ये पासवर्ड सेलवर चालणाऱ्या मेमरीत नसतोच, वेगळ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढून काही फरक पडत नाही. थिंकपॅडच्या बाबतीत तर लेनोवो स्वतःच मॅन्युअलमध्ये सांगते की सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर मदरबोर्ड बदलावा लागेल. पंधरा-वीस हजारांच्या जुन्या लॅपटॉपला नवीन मदरबोर्ड कोण टाकणार सांगा. डेलमध्ये पासवर्ड काढून मागायला गेलं की सर्व्हिस टॅग, म्हणजे मशीनचा नंबर, कोणाच्या नावावर आहे ते बघतात, म्हणजे विकताना ओनरशिप ट्रान्सफर केलेली नसेल तर ग्राहक कितीही खरा असला तरी त्याचं म्हणणं कोण ऐकणार.

त्यातच आणखी एक प्रकार, ॲब्सोल्यूट, जुनं नाव कॉम्प्युट्रेस. चोरी झालेला लॅपटॉप शोधायला, लांबून फ्रीझ करायला हे वापरतात. याचा एक भाग लॅपटॉप बनवणारी कंपनीच फर्मवेअरमध्ये, म्हणजे बायोस असतं त्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, घालून देते आणि तो एकदा चालू केला की नवीन विंडोज टाकल्यावरही आपलं सॉफ्टवेअर परत बसवून घेतो, डिस्क बदलली तरी. ज्या कंपनीने तो चालू केलाय तिनेच विनंती करून बंद करून घ्यायचा असतो. विकताना हे केलं नाही तर नवीन मालकाच्या मशीनवर जुन्या मालकाची चावी राहते, आणि पुढे कधीतरी त्यांच्या यादीत ‘हरवलेले लॅपटॉप’ म्हणून ते मशीन गेलं तर ते लांबूनच बंद पडू शकतं. अभ्यासाच्या मधे, परीक्षेच्या तोंडावर असं झालं तर त्या पोराने काय करायचं?

मग लोक आमच्याकडे येतात, म्हणतात काहीतरी बायपास मारा. खरं सांगायचं तर असे जुगाड बाजारात सर्रास चालतात. सेटअप ऑफलाइन करून दिला जातो, कोणी चिपवर प्रोग्रॅमर नावाचं यंत्र लावून बायोस पुसतो, आणि ग्राहकाला सांगितलं जातं की झालं, फक्त रिसेट मारू नका. मी हे करत नाही आणि का करत नाही ते गिऱ्हाइकाला बसवून सांगतो. एक तर नोंद गेलेली नसते, नुसती झाकलेली असते. उद्या विंडोज करप्ट झालं, रिसेट करावं लागलं, की पोरगं परत त्याच स्क्रीनवर अडकलं. दुसरं म्हणजे मशीन चोरीचं आहे की रीतसर विकलेलं हे मला स्क्रीनवरून कळत नाही, दोन्हीत सारखंच दिसतं. आयटी कायद्याच्या कलम ६६बी प्रमाणे चोरीचं कॉम्प्युटर साधन माहीत असून घेतलं किंवा ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुलूप आहे ते चोराला अडवायलाच आहे, ते तोडायची विद्या वाढवण्यापेक्षा ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने ती काढून द्यावी हा सरळ रस्ता आहे. आणि तो रस्ता फार अवघड पण नाही.

आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींसाठी मुद्दाम लिहितो. नोकरी सोडताना किंवा तीन-चार वर्षं झाल्यावर कंपनी जुना लॅपटॉप कमी किमतीत तुम्हालाच देते, चांगली गोष्ट आहे, घ्या. पण आनंदाच्या भरात लगेच घरी आणून फॉरमॅट मारू नका. तुमचा कंपनीचा ईमेल चालू आहे तोपर्यंतच आयटी टीमकडे तिकीट, म्हणजे लेखी विनंती, टाका, कारण रिलिव्ह झाल्यावर तुम्हाला कोणी ओळखत नाही, हेल्पडेस्कला फोन केला तरी एम्प्लॉयी आयडी विचारतात आणि तो बंद झालेला असतो. तिकिटात स्पष्ट लिहा की या सिरियल नंबरचं मशीन इंट्यूनमधून (कंपनी ज्यावरून मशीन लांबून सांभाळते ते मायक्रोसॉफ्टचं पोर्टल) डिलीट करा आणि ऑटोपायलटच्या यादीतूनही काढा. ही दोन वेगळी कामं आहेत आणि इथेच घोळ होतो, आयटीवाला लांबून वाइप मारतो आणि झालं म्हणतो, पण वाइप मारल्याने ऑटोपायलटची नोंद जात नाही. मॅक असेल तर ॲपल बिझनेस मॅनेजरमधून रिलीज करायला सांगा, आणि कोणाचं आयक्लाउड लॉगिन राहिलं असेल तर तेही काढून घ्या. बायोसचा पासवर्ड त्यांच्यासमोरच काढायला लावा, नुसता सांगतो म्हणाले तर घेऊ नका, काढायलाच लावा. ॲब्सोल्यूट असेल तर अनएनरोल, म्हणजे त्यांच्या नोंदणीतून बाहेर, करायला सांगा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, लावलेला असेल आणि तुमचे स्वतःचे काही फोटो-कागद त्यात असतील तर परवानगी घेऊन आधी ते बाहेर काढा, कारण ४८ आकडी रिकव्हरी की कंपनीच्या अकाउंटमध्ये असते, अकाउंट बंद झालं आणि मशीनने की मागितली तर तो डेटा संपला. कंपनीच्या फाइल्सना मात्र हात लावू नका, त्या तुमच्या नाहीत. हे सगळं झाल्यावर विक्रीचं पत्र घ्या ज्यात सिरियल नंबर असेल, आणि मगच मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह बनवा आणि डिस्कचे सगळे पार्टिशन उडवून स्वच्छ इन्स्टॉल करा. लायसन्सची चिंता बहुतेक वेळा नसते, असल्या मशीनची विंडोज प्रोची की बनवतानाच फर्मवेअरमध्ये घातलेली असते, ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. दुकानातला क्रॅक टाकून घ्यायची गरज नाही, त्यातून व्हायरस येतात तो भाग वेगळाच.

आता कंपन्यांबद्दल, कारण खरी जबाबदारी त्यांची आहे. मोठ्या कंपन्या जुना माल एकगठ्ठा लिलावात देतात. डेटाच्या बाबतीत त्या फार काटेकोर असतात, डिस्क काढून चुरा करतात, डेटा नष्ट केल्याचं सर्टिफिकेट घेतात, २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कुचराई झाली तर अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे त्यामुळे काळजी घेणं साहजिक आहे. पण तेवढ्याच काळजीने आपल्या यादीतून ते सिरियल नंबर काढायचं काम होत नाही. मशीन गेटबाहेर गेलं, अकाउंट्सच्या वहीतून मालमत्ता उतरली, आयटीच्या पोर्टलवर मात्र नोंद तशीच. कारण ॲडमिनवाले, अकाउंट्सवाले आणि आयटीवाले तीन वेगळ्या मजल्यांवर बसतात आणि हे काम नक्की कोणाचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. एक्सेलमध्ये सिरियल नंबरची यादी असतेच, ती निवडून डिलीट करायचं काम ज्याला पोर्टलचे ॲडमिन राइट्स आहेत त्याचं अर्ध्या दिवसाचंही नाही. आणि हे न केल्याने गावाकडच्या एखाद्या बापाचे दोन महिन्यांच्या दूधबिलाचे पैसे अडकतात हे त्या मजल्यांवर कोणाला दिसत नाही म्हणून मला एवढा राग येतो.

सगळ्यात वाईट अवस्था बंद पडलेल्या स्टार्टअपच्या लॅपटॉपची. कंपनी बुडाली, सामान विकलं गेलं, क्लाउडचं सबस्क्रिप्शन संपलं, ज्याच्याकडे ॲडमिन लॉगिन होतं तो दुसऱ्या नोकरीला लागला. आता रिलीज करणार कोण? त्या नोंदीला मालकच उरला नाही. दिवाळखोरीच्या कायद्याप्रमाणे लिक्विडेटर, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा माणूस, नेमला असेल तर त्याने टेबल-खुर्च्या विकण्याच्या आधी एक काम करावं, ॲडमिन लॉगिन ताब्यात घेऊन सगळी मशीन यादीतून सोडवावीत. सोडवलेल्या लॅपटॉपला भाव पण जास्त येतो, म्हणजे कंपनीकडून ज्यांचे पैसे येणं आहेत त्यांचाही फायदाच.

सेकंडहँड गाडी घेताना आपण काय करतो? आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ सहीसकट घेतल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही, खेड्यातल्या माणसालाही हे पाठ आहे. लॅपटॉपला तसाच एक साधा कागद हवा. कंपनीच्या लेटरहेडवर, सिरियल नंबर, ऑटोपायलट किंवा ॲपलच्या यादीतून काढल्याची तारीख, बायोस पासवर्ड काढला, ट्रॅकिंग बंद केलं, खाली सही. बस एवढंच. एका पानावर शंभर मशीन बसतील.

सरकारने यात लक्ष घालावं असं मला मनापासून वाटतं आणि त्याला जागा पण आहे. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुनी मशीन दुरुस्त करून विकणाऱ्यांना, म्हणजे रिफर्बिशरना, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची असते आणि रिफर्बिशिंग सर्टिफिकेटची पण सोय आहे, कारण वस्तूचं आयुष्य वाढलं तर कचरा उशिरा होतो हे नियम करणाऱ्यांना कळलंय. मग त्याच नियमात घाला की कंपनीने एकगठ्ठा लॅपटॉप विकताना किंवा दान देताना रिलीजचा कागद दिलाच पाहिजे. कुलूपबंद लॅपटॉप दुरुस्त होऊन कुठे जाणार, भंगारातच जाणार. चांगला चालू मदरबोर्ड, चालू स्क्रीन, चालू बॅटरी, सगळं किलोवर.

हे आत्ता का लिहितोय त्यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून कंपन्यांनी सातव्या जनरेशनपर्यंतची मशीन तर काढायला घेतलीच, वर २०२०-२१ मध्ये घरून कामासाठी घेतलेल्या लॅपटॉपचीही वयं झाली. हा सगळा माल बाजारात येतोय आणि येत राहणार. जुन्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून मराठी टायपिंग, इंटरनेट, प्रोग्रॅमिंग सगळं मजेत चालतं. कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, शाळांना पण लॅपटॉप मिळतात. फोटो होतो, हार होतो, आणि नंतर गुरुजी बिचारे मशीन घेऊन दुकानात येतात की यावर कुठल्यातरी कंपनीचं नाव येतंय, पुढे जात नाही. देणाऱ्याची भावना चांगली असते यात शंका नाही, पण दान दिलेलं मशीन मुलांना उघडता आलं नाही तर कपाटात पडून राहतं.

घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. विंडोज टाकून तयार दिसणारं मशीन बघून भुलू नका. दुकानदारासमोर सांगा की हे पूर्ण रिसेट करा, आणि सेटअप चालू असताना तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. कुठल्या कंपनीचं नाव आलं नाही, तुमचं स्वतःचं अकाउंट टाकून डेस्कटॉपपर्यंत पोचलात, तर ऑनलाइन नोंदीचा प्रश्न नाही. दुकानदार रिसेट करायला नको म्हणाला तर तिथेच उठा. बायोसमध्ये जाऊन बघा, पासवर्ड विचारतंय का, आणि कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूटच्या पुढे ॲक्टिव्हेटेड लिहिलंय का. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली वर्क ऑर स्कूल मध्ये कोणाचं अकाउंट जोडलेलं नसावं. मॅक असेल तर सगळं इरेज करून वायफायवर सेटअप पूर्ण होतो का ते बघा, रिमोट मॅनेजमेंट आलं की किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका. बिल घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, ‘कंपनी लॉक निघाल्यास पैसे परत’ एवढी एक ओळ लिहायला लावा. जो प्रामाणिक आहे तो लिहून देतो, आमच्यातले कितीतरी जण देतात. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी पण लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, त्यामुळे गप्प बसू नका.

तुमचा पेपर पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतही वाचला जातो. त्यातला एखादा आयटी मॅनेजर किंवा ॲडमिन हेड हे वाचत असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मागच्या दोन-तीन वर्षांत तुम्ही विकलेल्या मशीनची यादी काढा आणि पोर्टलवरच्या यादीशी एकदा लावून बघा. जी तुमची उरलेली नाहीत ती आज सोडून द्या. ते लॅपटॉप जिथे कुठे असतील तिथे पुढच्या रिसेटला या ऑनलाइन नोंदीतून आपोआप मोकळे होतील, त्यासाठी ते परत मागवायचीही गरज नाही.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती करणारा, कोल्हापूर